रोपांवर पिरॅमिड ठेवल्याने वाढ सुधारते का? वाफे-कुंड्यांचा आकार कसा निवडावा?

गच्चीकर
गच्चीवर १० × १२ फूट जागा आहे. टोमॅटो, मिरची, मेथी लावायची आहे. तांब्याच्या नळीचा पिरॅमिड रोपांवर ठेवला की वाढ जोमात होते, वाफेही सुवर्ण गुणोत्तरात (रुंदी-लांबी साधारण १ : १.६२) हवेत, असं विक्रेते सांगतात. यात तथ्य आहे का? आणि कुंड्या गोल घ्याव्यात की चौकोनी?

मातीमोल
उघड्या सांगाड्याने ऊन, वारा, ओल, तापमान यांतलं काहीच बदलत नाही, मग रोप वेगळं का वागेल? प्लास्टिक लावलेला पिरॅमिड असेल तर आत ऊब आणि दमटपणा वाढतो, थंडीत बी लवकर रुजतं. उलटी ठेवलेली पारदर्शक पेटीही तेच करते. (मे महिन्यात दोन्हींखाली रोपं शिजतील.)

खात्रीच करायची तर चार ट्रे लावा: एक मोकळा, एक सांगाड्याखाली, एक प्लास्टिकच्या पिरॅमिडखाली, एक तेवढ्याच घनफळाच्या पेटीखाली. तळ ६० सेंमी आणि उतार सुमारे ५२ अंश असला की पिरॅमिडची उंची ३८ सेंमी येते. त्याच तळाची पेटी जेमतेम १३ सेंमी उंच हवी. ही चौथी पेटी लोक गाळतात, म्हणून उबेचं श्रेय आकाराला जातं. एकाच पाकिटातली मेथी, प्रत्येकी ५० बिया, पाणी मोजून, ट्रेंच्या जागा रोज बदलायच्या. १५ दिवसांनी जमिनीलगत कापून वजन करा. एकदा करून भागत नाही, किमान तीनदा करा.

सुवर्ण गुणोत्तराचं म्हणाल, तर रोपात ते दिसतं एकामागून एक फुटणाऱ्या पानांमधल्या १३७.५ अंशांच्या कोनात, आणि तो कोन शेंड्यातच ठरतो. वाफ्याची लांबी-रुंदी तो विचारत नाही.

कोकोपीट
कुंडीत आकारापेक्षा खोली बघा. पाणी निथळल्यावर तळाशी ओलीगच्च पट्टी उरते आणि तिची जाडी मातीच्या मिश्रणावर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. म्हणून उथळ कुंडीत मुळं लवकर कुजतात. तळाला खडी घालू नका, ती पट्टी आणखी वर सरकते. टोमॅटोला १२ इंच, मेथीला ६ इंच खोली पुरते.

तेवढ्याच रुंदीच्या आणि खोलीच्या गोल कुंडीपेक्षा चौकोनीत २७ टक्के जास्त माती मावते. गुळगुळीत गोल कुंडीत मुळं गोल फिरत राहतात. कापडी ग्रो बॅगमध्ये ती कडेला हवेने सुकतात आणि आत मुळांना नवे फाटे फुटतात. फक्त ती बॅग लवकर वाळते, उन्हाळ्यात दोनदा पाणी लागेल.

उत्तरायण
कठड्याला लागून वाफा असेल तर रुंदी २ फूट, दोन्ही बाजूंनी हात पोचत असेल तर ४. त्रिकोणी मांडणीत (एका ओळीतलं रोप शेजारच्या ओळीतल्या दोन रोपांच्या मध्ये) चौकोनी मांडणीपेक्षा तेवढ्याच अंतराने सुमारे १५ टक्के जास्त रोपं बसतात, पण अरुंद वाफ्यात कडेलाच तो फायदा संपतो.

उंच टोमॅटो उत्तरेला लावा म्हणजे बाकीच्यांवर सावली पडत नाही, हा सल्ला हिवाळ्याचा आहे, तेव्हा ऊन दक्षिणेकडून येतं. पुणे-मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचं ऊन किंचित उत्तरेकडून येतं.

आणि एक घनफूट ओली माती साधारण ५० किलो भरते. वाफे आखण्याआधी स्लॅबचं इंजिनिअरला विचारून घ्या.