मदत हवी आहे: प्रोसेस अकाउंटिंगची फाइल डिलीट केली तरी डिस्क रिकामी होत नाहीये

नमस्कार मंडळी, आमच्या लॅबचा उबुंटू सर्व्हर मी सांभाळतो, त्यावर बरीच मुलं प्रोजेक्ट करतात. मध्यंतरी रात्री सर्व्हर खूप स्लो व्हायला लागला आणि सगळ्यांनी एकाच मुलावर खापर फोडलं, पोरगा अगदी रडवेला झाला होता. पुराव्याशिवाय कोणाचं लॉगिन बंद करणं मला पटेना म्हणून ॲक्ट पॅकेज टाकून प्रोसेस अकाउंटिंग (कोणी कुठली कमांड चालवली, किती सीपीयू वापरला याची नोंद) चालू केलं. ही नोंद जिथे जाते ती नेहमीची पीॲक्ट फाइल न वापरता मी ॲक्टऑनला (नोंद चालू-बंद करणारी कमांड) व्हार-लॉगमधल्या नवीन फाइलचा पाथ दिला, तिथेच बहुतेक चुकलं.

‘एसए -एम’ने युजरप्रमाणे सीपीयू टाइम बघितला तर त्या मुलाचा वापर किरकोळ निघाला! एक जुनी क्रॉन स्क्रिप्ट (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) लूपमध्ये सेकंदाला शंभरेक ग्रेप (मजकूर शोधणारी कमांड) चालवत होती. तो विषय मिटला, पण आता वीस दिवसांनी डिस्क ९८ टक्के भरलीये. ती फाइल आरएम (डिलीट) केली, डीयूमध्ये (फाइल्सची बेरीज) वापर कमी दिसतो, डीएफमध्ये (डिस्कचा एकूण हिशोब) तेवढाच, आणि एलएसओएफमध्येही (उघड्या फाइल्सची यादी) काही सापडत नाही. रिबूट करता येत नाही कारण एकीचं मॉडेल तीन दिवसांपासून ट्रेन होतंय, ते मोडलं तर तिची मेहनत वाया जाईल. काय करू?

उत्तर १
रिबूट अजिबात करू नका. आरएमने फक्त नाव गेलं, फाइल कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) स्वतः उघडी धरलीये, कुठल्या प्रोसेसने नाही, म्हणून एलएसओएफला दिसत नाही. ‘सुडो ॲक्टऑन ऑफ’ द्या, कर्नल फाइल सोडेल आणि जागा मोकळी होईल, चालू प्रोसेसना धक्का लागत नाही. हिशोबही जुळतोय बघा, एक रेकॉर्ड ६४ बाइटचं, सेकंदाला शंभर म्हणजे दिवसाला साधारण ५५० एमबी. मोकळी जागा २ टक्क्यांवर आली की कर्नल आपणहून लिहिणं थांबवतो आणि ४ टक्के झाली की परत सुरू करतो, म्हणून ९८ वर अडकलंय.

उत्तर २
वरचं बरोबर, फक्त ऑफ केलं तरी ॲक्टची सर्व्हिस इनेबल असेल तर पुढच्या बूटला परत चालू होईल, नको असेल तर सिस्टिमसीटीएलने (सर्व्हिस चालू-बंद करणारी कमांड) डिसेबल करा. आणि परत लावाल तेव्हा नुसतं ‘ॲक्टऑन ऑन’ द्या, डीफॉल्ट फाइल रोजच्या क्रॉनमधून रोटेट होते (जुनी बाजूला ठेवून नवीन सुरू होते), तुमची वेगळी फाइल कोणीच रोटेट करत नव्हतं. अजून एक, रेकॉर्ड प्रोसेस संपल्यावरच पडतं, म्हणजे ते तीन दिवसांचं ट्रेनिंग अजून हिशोबात आलेलंच नाही, तेव्हा कोणाला दोष द्यायच्या आधी टॉपही (आत्ता चालू असलेल्या प्रोसेस दाखवणारी कमांड) बघत जा.

धागाकर्ता
झालं! ऑफ दिल्याबरोबर ११ जीबी मोकळी झाली, ट्रेनिंग तसंच चालू आहे, दोघांचे मनापासून आभार. अजून एक विचारायचं होतं, लास्टकॉममध्ये (नोंदलेल्या कमांड दाखवतो तो) नुसतं ‘पायथन३’ दिसतं, कुठली स्क्रिप्ट होती ते कळत नाही, काही सेटिंग आहे का?

उत्तर १
नाही, रेकॉर्डमध्ये कमांडचं नाव तेवढं असतं, तेही सोळा अक्षरांच्या जागेत, आर्ग्युमेंट्स नसतातच. त्यासाठी ऑडिटडीमध्ये (सिस्टिमवरच्या घडामोडी नोंदवणारा प्रोग्रॅम) एक्झेकव्हीईचा (प्रोग्रॅम सुरू करणारा सिस्टिम कॉल) रूल लावावा लागेल, पण त्याचा लॉग याच्यापेक्षा मोठा होतो, आधी ती क्रॉन स्क्रिप्ट बंद करा.