तो आक्रोश स्तोत्रातला आहे

‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ क्रूसावरच्या येशूचे हे शब्द म्हणजे हरलेल्या माणसाचा उद्गार, असं काही जण म्हणतात. अर्धं पटतं. ती वेदना खरीच आहे, ती सौम्य करू नये. पण ही बायबलच्या स्तोत्रसंहितेतल्या, म्हणजे जुन्या प्रार्थनागीतांच्या पुस्तकातल्या, २२व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे, हे त्यात सुटून जातं. त्याच स्तोत्रात पुढे, येशूच्या क्रूसापाशी घडलं तसंच, वस्त्रं वाटून घेणं, त्यांवर चिठ्ठ्या टाकणं येतं आणि शेवट स्तुतीत होतो. म्हणजे देव दिसेनासा झाला तरी येशू बोलतोय देवाशीच, तेही लहानपणापासून पाठ असलेल्या प्रार्थनेच्या शब्दांत. माझ्यासाठी क्रूसाचा अर्थ इथे उघडतो.

आमच्याकडे नागपुरात, सदर भागातल्या चर्चमध्ये, उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) दुपारी १२ ते ३ उपासना असते, येशूच्या क्रूसावरच्या सात उद्गारांवर मनन. नागपूरचं ऊन, कूलरची नुसती घरघर. पाचवा उद्गार, ‘मला तहान लागली आहे’, वाचला की सगळे गप्प. एका वर्षी शेजारच्या आजींनी पाण्याची बाटली उघडली होती. ते शब्द ऐकून त्यांनी झाकण हळूच परत लावलं आणि तीन वाजेपर्यंत ती मांडीवर तशीच धरून बसल्या.