पंप उतरवण्याआधी एअर तपासा
'सकाळी खूप वेळ स्टार्टर मारावा लागतो, म्हणजे पंप (इंजिनाला दाबाने डिझेल देणारा) गेला' असं निदान एकाने केलंय, ते मला घाईचं वाटतं. जुनी डिझेल पिकअप रात्रभर उभी राहिल्यावरच रुसते आणि एकदा चालू झाली की दिवसभर ठीक पळते, तर बहुतेक वेळा डिझेलची लाइन एअर घेत असते, म्हणजे हवा आत ओढते, आणि डिझेल रात्रीत टाकीकडे उतरतं. रोटरी पंप (एकाच फिरत्या भागाने सगळ्या सिलिंडरना डिझेल वाटणारा) असेल आणि टाकीतून डिझेल पुढे ढकलणारा वेगळा फीड पंप नसेल, तर टाकीपासून पंपापर्यंतची सगळी लाइन ओढीवर चालते, म्हणजे पंपच डिझेल खेचून घेतो. त्यामुळे चीर असली तरी बाहेर थेंब दिसेलच असं नाही, हवा मात्र आत जाते. आमच्या मेकॅनिकने फिल्टर आणि पंपाच्या मध्ये वीतभर पारदर्शक नळी टाकली, तर बुडबुडेच बुडबुडे! मग कॅनमधून थेट पंपाला डिझेल दिलं, बुडबुडे थांबले, म्हणजे हवा पंपाच्या आधीच्या लाइनमध्येच शिरत होती. टाकीजवळची रबरी नळी कडक होऊन चिरली होती.

गाडी अजिबातच चालू होत नसेल तर पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडची (डिझेल चालू-बंद करणाऱ्या विजेवरच्या व्हॉल्व्हची) वायर बघा. चावी ऑन ठेवून ती काढून लावली की 'टक्' आवाज यायला हवा. तिथे करंट नसेल तर चांगला पंपही डिझेल सोडत नाही. पंप दुरुस्त करणाऱ्याकडे हे सगळं झाल्यावर जा, कॅलिब्रेशनचं (पंप मशीनवर लावून डिझेलचं प्रमाण जुळवण्याचं) बिल काही थोडं नसतं.