कार्यालयातील संगणक रात्री बंद करावेत की चालू ठेवावेत?

प्रश्न: आमच्या कर सल्लागाराच्या कार्यालयात वीस संगणक आहेत. संध्याकाळी सातला ते बंद करावेत, असा साहेबांचा आग्रह आहे. रोज चालू-बंद केल्याने यंत्र लवकर खराब होते, असे काही सहकाऱ्यांचे म्हणणे आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १: साहेबांचे म्हणणे योग्य आहे. दिवसातून एकदा चालू-बंद केल्याने आजचे संगणक बिघडत नाहीत. विजेचा हिशेब मात्र जरूर मांडावा: काम नसताना डेस्कटॉप ५० वॉट घेतो असे धरले, तरी १४ तासांत ०.७ युनिट, म्हणजे वीस संगणकांमागे दर रात्री १४ युनिट वाया जातात.

प्रतिसाद २: हिशेब पटला, परंतु ज्या संगणकावर सर्वांचा टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) डेटा आहे आणि ज्याचा बॅकअप रात्री घेतला जातो, तो चालूच ठेवावा. त्याला चांगला यूपीएस हवाच, कारण पावसाळ्यात वीज अचानक गेली तर अर्धवट लिहिली गेलेली फाइल बिघडू शकते.

प्रतिसाद ३: बहुतेकांच्या लक्षात न येणारी एक बाब सांगतो. विंडोज ८ पासून आलेली ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय सुरू असेल, तर ‘शट डाउन’ केल्यावरही विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच पुन्हा उचलला जातो. म्हणून रोज बंद करूनही प्रिंटर अडून बसत असेल, तर ‘रीस्टार्ट’ करून पाहावे; त्यात हा गाभा नव्याने सुरू होतो. अपडेट चालू असताना भिंतीवरचे बटण कोणीही बंद करू नये. कार्यालयाला कुलूप लावणाऱ्या शिपाईकाकांनाही हे आवर्जून सांगून ठेवावे.