मुलं, सामान आणि नवं घर: तुमचे अनुभव सांगा

चौथीची आई
मागच्या उन्हाळ्यात आम्ही टेक्सासमधून पोर्टलंडजवळ बीव्हर्टनला राहायला आलो. इथे चौथीला ओरेगन ट्रेल शिकवतात, म्हणजे पश्चिमेला वस्ती करायला निघालेल्या कुटुंबांची जुनी गाडीवाट. लेकीला अभ्यास मिळाला: १८४० च्या दशकातलं कुटुंब, कापडी छताची एक बैलगाडी, त्यात काय भराल? माणशी साधारण ९० किलो पीठ, ७० किलो खारवलेलं मांस, वर साखर, मीठ, कॉफी. सगळं मिळून जेमतेम टनभर. यादी झाल्यावर म्हणाली, "मग मुलं कुठे बसायची?" बसायची नाहीतच! मिझुरीतल्या इंडिपेंडन्सपासून ओरेगन सिटीपर्यंत सुमारे ३,२०० किलोमीटर, चार ते सहा महिने, बहुतेक मुलं गाडीच्या बाजूने चालत. जिथे झाडं नाहीत तिथे चुलीसाठी बायसनचं वाळकं शेण वेचायचं कामही त्यांचंच. हे ऐकल्यावर माझ्या सासूबाईंना ती मंडळी एकदम घरची वाटायला लागली.

तर लहानपणी, किंवा मुलांना घेऊन, बिऱ्हाड हलवलं असेल तर लिहा. पोरांनी काय न्यायचा हट्ट धरला? काय मागे राहिलं? रुळायला कशाची मदत झाली? "आमच्या वेळी असं नव्हतं" चालेल, पण मग कसं होतं तेही सांगा.

कोयनाकाठ
हट्ट धरायला आमच्या वडिलांना कोणी विचारलंच नव्हतं. कोयना धरणात गाव गेलं तेव्हा ते आठ-नऊ वर्षांचे. जावळीच्या पावसातलं पोर थेट सोलापूर जिल्ह्यातल्या उघड्या माळावर. तिकडे नाचणी, वरी, भात, इकडे ज्वारी. भाकरी पांढरी दिसते म्हणून धाकट्या आत्याने ताटाला हात लावला नाही, असं आजी सांगायची. आजोबांनी ट्रकमध्ये भांड्यांच्या आधी दारं, चौकटी आणि वासे चढवले; माळावर लाकूड कुठून मिळणार? ते सागाचं दार अजून आहे. खालच्या फळीवर वडिलांनी खिळ्याने कोरलेला बैल आहे, दर दिवाळीला ऑइलपेंट लावताना तेवढी जागा सोडतो. म्हैस पण आणली होती.

माळवद
मी किल्लारीकडची. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट, भूकंप; पुढचं सगळ्यांना माहीत आहे. आधी पत्र्याचं शेड, मग नवं गाव. रुंद रस्ते, आखीव प्लॉट, सिमेंटचं घर. पण दगडमातीच्या भिंती आणि माळवद कोसळलेलं ज्यांनी पाहिलं, त्यांना डोक्यावर स्लॅब कसा सोसणार? आजी कित्येक वर्षं अंगणातच झोपली, आम्ही पोरं तिच्या बाजेभोवती. थंडीतसुद्धा. जुन्या गावात भिंतीला भिंत. चुलतीला हाक मारली की कालवणाची वाटी पलीकडून यायची. नव्या गावात तिचं घर पार दुसऱ्या टोकाला. रस्ता ओलांडून वाटी न्यायची तर कालवण गार व्हायचं, मग हळूहळू ते बंदच झालं. शाळेने तारलं म्हणायला हरकत नाही. वर्गात सगळ्यांच्याच घरचं कोणी ना कोणी गेलेलं, त्यामुळे कोणी कोणाला काही विचारायचं नाही.

बक्कल नंबर
वडील पोलिसात, दर दोन-तीन वर्षांनी बदली. पत्र्याच्या ट्रंका आणि शाळेचा दाखला, बास. उपाय एकच: पहिल्या संध्याकाळी पोलीस लाइनीत बॅट घेऊन उभं राहायचं. ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग, हा कायदा नंदुरबारपासून सावंतवाडीपर्यंत सारखाच आहे.

तिसरा मजला
रीडेव्हलपमेंटमुळे सध्या भाड्याच्या घरात. मुलाचा एकच प्रश्न: वायफाय कधी लागणार? सामान हलवणाऱ्या दादांनी त्याचा लेगोचा किल्ला न मोडता खोक्यात बसवला, तर नव्या शेजाऱ्यांआधी याची त्यांच्याशीच दोस्ती.

नदीपल्याड
चौथीची आई, गाडीबरोबर चालणाऱ्या मुलांसोबत दुसरीही मुलं यायला हवीत. ही वाट जिथे संपायची त्या विलामेट खोऱ्यात तिथले मूळ रहिवासी, कलापुया लोक, राहत होते. १८५० च्या कायद्याने गोऱ्या जोडप्याला ६४० एकरांपर्यंत जमीन मिळायची. १८५६ मध्ये कलापुयांना ग्रँड रोंडच्या राखीव क्षेत्रात हलवलं. त्यांच्या पोरांना सामानाची यादी करायला कोण सांगणार? कोयनाकाठ यांचे वडील त्यांना जवळचे वाटले असते, गाडीवाले नाहीत.

चौथीची आई
पटलं. लेकीला वाचून दाखवलं, वहीत दुसरं पान उघडलंय. पहिल्या पानावर सेगर भावंडं आहेत, १८४४ ची. सात मुलं, आई-वडील दोघंही वाटेत वारले. कॅथरीनचा पाय गाडीच्या चाकाखाली सापडून मोडलेला, धाकटी तर वाटेतच जन्मलेली. तिला तांड्यातल्या बायकांनी आळीपाळीने अंगावर पाजलं.
कोयनाकाठ, म्हशीचं पुढे काय झालं?

कोयनाकाठ
कडब्याला तोंड लावेना. शेवटी विकली. वडील बाजारापर्यंत मागे मागे गेले आणि भर बाजारात त्यांनी जो गोंधळ घातला, तो आमच्याकडे अजून लग्नकार्यात सांगतात.