क्लॅट की सीईटी-लॉ? खेड्यातल्या पोट्ट्यांनी कशाच्या मागे लागावं?

वऱ्हाडी कोट:
स्पष्टच लिहितो. यवतमाळ, वाशीम, गडचिरोलीकडच्या गावातून मराठी माध्यमात बारावी करणाऱ्यानं क्लॅटचा, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेचा, नाद सोडावा, सगळा जोर राज्यातल्या लॉ कॉलेजांच्या प्रवेश परीक्षेवर, सीईटी-लॉवर लावावा. क्लॅट फक्त इंग्रजीत. 120 प्रश्न, 2 तास आणि सारं उताऱ्यांवर. एकेक उतारा 450 शब्दांपर्यंत. हिशोब करा, दोन तासांत दहा हजारांच्या घरात शब्द वाचायचे, वर चुकलं की पाव गुण कापते. खुल्या गटाला अर्जाचेच 4000.

सीईटीलाही 120 प्रश्न अन् 2 तासच, पण पेपर मराठीतही येते आणि चुकीला गुण कापत नाहीत. पाच वर्षांच्या कोर्सला कायदा 32, तर्क 32, सामान्य ज्ञान 24, इंग्रजी 24, गणित 8. तलाठी-पोलीस भरतीसाठी अभ्यासिकेत बसणाऱ्यांचं यातलं अर्धं आधीच झालेलं असते. अमरावती, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर सगळीकडे लॉ कॉलेज आहेत. दोन डगरींवर पाय काऊन ठेवायचा?

निकालपत्र:
भाऊ, मग वारंग्याच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात विदर्भातल्या पोरांनी जायचंच नाही का? नागपूरला लागून आहे, राज्यातल्या रहिवाशांसाठी जागा राखीव आहेत, आणि पदवीला प्रवेश क्लॅटच्याच गुणांवर होतो.

शिवाय वेळापत्रक बघा. क्लॅट डिसेंबरच्या सुरुवातीला, बोर्डाचा पेपर फेब्रुवारीत, सीईटी त्यानंतर. क्लॅटसाठी अकरावीपासून रोज दोन उतारे वाचले तर सीईटीचं इंग्रजी आणि तर्क त्यातच होतं. उलट होत नाही. सीईटीच्या गाईडमधून कलम 14, 19, 21, 32 पाठ करणारा मुलगा उताऱ्यासमोर बसला की अडतो.

एक प्रश्न देतो. तत्त्व: अज्ञान व्यक्तीनं केलेला करार मुळातच शून्य असतो. घटना: सतरा वर्षांच्या मुलानं वय एकोणीस सांगून कृषी केंद्रातून फवारणी पंप उधार नेला, पैसे दिले नाहीत. दुकानदाराला करारावर पैसे मागता येतील का? दहातले सात जण "हो" म्हणतील, कारण पोरगा खोटं बोलला. पण दिलेल्या तत्त्वात खोटं बोलण्याचा अपवादच नाही. उत्तर "नाही". (1903 च्या मोहरी बीबी खटल्यातही अज्ञानानं वय लपवलं होतं, करार शून्यच ठरला.) स्वतःची न्यायबुद्धी बाजूला ठेवून समोरच्या तत्त्वापुरतं बोलायचं, ही सवय पाठांतरानं लागत नाही.

प्रतिफल:
तुमच्याच उदाहरणात मराठी पेपरची गोम आहे. "अज्ञान" म्हणजे अठराखालचा, हे कायद्याचं मराठी. बारावीचा मुलगा ते "माहिती नसलेला" असं वाचतो आणि प्रश्नच वेगळा होतो. तसंच "अपकृत्य" (टॉर्ट), "प्रतिफल" (कराराचा मोबदला), "दखलपात्र" (पोलिसांना वॉरंटविना अटक करता येते असा गुन्हा). मराठीत आहे म्हणून सोपं, हा वऱ्हाडी कोट यांचा पहिलाच मुद्दा मला पटत नाही. शे-दीडशे संज्ञांची वही करा, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी.

आणि जुनी गाईडं फेका हो! 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. खुनाच्या शिक्षेचं 302 आता 103 झालं, फसवणुकीचं 420 गेलं 318 मध्ये. अर्ध्या किमतीच्या पुस्तकात अजून जुनंच छापलेलं सापडते.

वऱ्हाडी कोट:
वहीचं मान्य. पण निकालपत्र, पैशाचं बोला ना. क्लॅटच्या समुपदेशनात, म्हणजे जागावाटपात, नाव नोंदवायलाच खुल्या गटाला 30,000, राखीव गटाला 20,000. तेही कापूस वेचणीच्या दिवसांत, वेचणीची मजुरी द्यायची असते तेव्हा. पुढची फी लाखांत. सीईटीत नंबर नाही लागला तर बीए करून तीन वर्षांचं एलएलबी आहेच, त्याची सीईटी वेगळी, पदवीला 45 टक्के लागतात, ओबीसीला 42, एससी-एसटीला 40.

सेतूसमोरची रांग:
तुम्ही दोघं परीक्षेवर भांडून राह्यले, जागा जाते कागदात. जात पडताळणी इंजिनिअरिंगवाल्यांनाच लागते, असं आर्ट्सच्या पोरांना वाटते, म्हणून ते निकालानंतर धावतात. प्रस्ताव अकरावीतच टाका. ओबीसीला 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो, भटक्या-विमुक्तांना 21 नोव्हेंबर 1961, एससीला 10 ऑगस्ट 1950, एसटीला 6 सप्टेंबर 1950. आजोबांचा शाळेचा दाखल-खारीज उतारा नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल पंजीची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, नक्कल मागा. आपल्याकडे 1954-55 चं अधिकार अभिलेखही (जमिनीच्या हक्काची नोंद) असते, पण त्यात जात लिहिली आहे का ते आधी पाहून घ्या, नाहीतर नक्कल फुकट. आणि आडनाव एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरं असेल तर समिती तिथंच अडवते.

नॉन-क्रिमीलेअरवर काढल्याची तारीख पाहू नका, वैधता पाहा. 2026-27 च्या प्रवेशाला ते 31 मार्च 2027 पर्यंत चालणारं पाहिजे.

निकालपत्र:
हे सगळं कबूल, पण त्यानं क्लॅट सोडा असं कुठं सिद्ध होतं? कागद दोन्हीकडे लागतात.

सेतूसमोरची रांग:
नाही होत सिद्ध. पण सीईटीनंतरच्या कॅप (केंद्रीय प्रवेश) फेरीत कागदांची ई-पडताळणी असते. स्कॅन पुसट निघाला की अर्ज दुरुस्तीसाठी परत येतो, आणि पोरगं लॉगिनच उघडून पाहत नाही. मुदत गेली की आरक्षण सोडून खुल्या गटात. मोबाईलनं तिरपा फोटो काढू नका, सेतूत दहा रुपये देऊन सपाट स्कॅन करा.

पसंतीक्रमात दोनच कॉलेज भरणारेही रिकाम्या हातानं राहतात. आणि पोरींनी ध्यानात ठेवा, 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानं ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींची शिकवणी फी माफ होते, कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर. पण प्रवेश कॅप फेरीतूनच पाहिजे. संस्थेच्या कोट्यातून घेतला की गेलं.

वऱ्हाडी कोट:
मी अजून माझ्याच मतावर. फक्त एक बदलतो, ज्याला इंग्रजी उतारा चार मिनिटांत वाचून समजते त्यानं क्लॅट भरावं. घड्याळ लावून दहा उतारे वाचून पाहा, अर्जाचे 4000 नंतर.