ड्रॅग रेसमध्ये गिअर नेमका कधी बदलावा?

अश्वशक्ती (धागाकर्ता):

ड्रॅग रेस म्हणजे उभ्या गाडीपासून सुरुवात करून सरळ रस्त्यावर ठरलेले छोटे अंतर कमीत कमी वेळात कापण्याची शर्यत. या प्रश्नाला सहसा दोन ठरलेली उत्तरे मिळतात: टॉर्क (इंजिनाचा पिळण्याचा जोर) सर्वाधिक असतो तिथे बदला, किंवा शक्ती सर्वाधिक असते तिथे बदला. माझ्या मते दोन्ही चुकीची आहेत. योग्य जागा सर्वाधिक शक्तीच्या बरीच पुढे असते आणि ती प्रत्येक गिअरसाठी वेगळी असते.

गाडीला पुढे ढकलणारे बल चाकापाशी मोजायचे असते. कोणत्याही क्षणी ते बल म्हणजे चाकापर्यंत पोहोचणारी शक्ती भागिले गाडीचा वेग. गिअर बदलताना वेग जवळजवळ तोच राहतो, त्यामुळे तुलना उरते ती केवळ शक्तीची: आत्ता जी मिळते आहे ती, आणि वरच्या गिअरमध्ये आरपीएम (इंजिनाचे दर मिनिटाचे फेरे) खाली आल्यावर जी मिळेल ती. या दोन्ही जिथे समान होतात, तिथे गिअर बदलावा. त्याआधी बदलला तर हातातली शक्ती आपण स्वतःहून सोडून देतो.

उदाहरणादाखल एक इंजिन घेऊ. त्याची सर्वाधिक शक्ती ६२०० आरपीएमला १०६ किलोवॅट आहे, ६९०० ला ९४, ७००० ला ९०, आणि रेव्ह लिमिटर (आरपीएम त्यापुढे जाऊ न देणारी यंत्रणा) तिथेच आहे. खालच्या बाजूला ५००० ला ९४ आणि ४००० ला ७२ किलोवॅट मिळतात. गिअरची गुणोत्तरे अनुक्रमे ३.५, २.०, १.४ आणि १.० आहेत. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना ७००० चे थेट ४००० होतात, म्हणजे ९० च्या जागी ७२ किलोवॅट हाती येतात. म्हणून पहिला गिअर लिमिटरला टेकेपर्यंत ओढलाच पाहिजे. तिसऱ्यातून चौथ्यात मात्र ७००० चे ५००० होतात आणि ९० च्या जागी ९४ मिळतात, म्हणजे ती जागा थोडी आधीच, ६९०० च्या आसपास, येऊन गेलेली असते. ज्यांनी ६२०० लाच गिअर बदलला, ते पहिल्या गिअरमध्ये १०६ किलोवॅट सोडून साधारण ३५०० आरपीएमच्या गाळात उतरले.

क्लचपेडल:

गणित बरोबर आहे, पण ते ज्या आलेखावर उभे आहे त्याच्यावर माझा विश्वास नाही. डायनोवरची (इंजिनाची शक्ती मोजणाऱ्या यंत्रावरची) चाचणी बहुधा चौथ्या गिअरमध्ये, म्हणजे एकास एक गुणोत्तराच्या जवळ, घेतात. तिथे इंजिन सावकाश वर चढते आणि टर्बोला (इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या पंख्याला) बूस्ट, म्हणजे हवेचा जादा दाब, तयार करायला भरपूर वेळ मिळतो. पहिल्या गिअरमध्ये तोच टर्बो अजून जागा होत असतो. शिवाय इंजिन आणि फ्लायव्हील (इंजिनाला जोडलेले जड चाक) यांना स्वतःला गती द्यायलाही शक्ती लागते, आणि हा खर्च एकूण गुणोत्तराच्या वर्गाप्रमाणे वाढतो. साधारण प्रवासी गाडीत पहिल्या गिअरमध्ये हा परिणाम गाडीचे वजन दीडपट झाल्यासारखा असू शकतो, तर दुसऱ्यात तो वीस टक्क्यांच्या आसपास उतरतो. हे धरले तर पहिला गिअर शेवटपर्यंत ओढण्यातला फायदा तुम्ही दाखवता त्यापेक्षा बराच कमी आहे.

अश्वशक्ती:

टर्बोचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. फ्लायव्हीलचा मुद्दा मात्र अर्धाच मांडला गेला आहे, कारण त्यात साठवलेली ऊर्जा नाहीशी होत नाही. गिअर बदलताना ७००० चे ४००० होतात, तेव्हा क्लच लागत असताना तीच ऊर्जा चाकांकडे परत येते. दुसरा गिअर पडताच पाठीला जो धक्का बसतो, तो याच ऊर्जेचा. तिचा काही भाग क्लचमध्ये उष्णता होऊन जातो हे खरे, पण चटकन गिअर टाकणाऱ्याला मोठा भाग परत मिळतो. जो क्लच दाबून आरपीएम आपोआप खाली यायची वाट पाहतो, त्याने ती ऊर्जा फुकट घालवली. म्हणून मी केवळ त्या क्षणीच्या प्रवेगांची तुलना करत नाही.

डिझेलवाला:

ही सारी चर्चा पेट्रोल इंजिनापुरती आहे. माझ्या टर्बो डिझेलमध्ये ४००० नंतर शक्ती इतक्या झपाट्याने पडते की लाल रेषेपर्यंत ओढणे म्हणजे निव्वळ आवाज काढणे आहे.

अश्वशक्ती:

नियम तोच, आलेख तुमचा. तुमच्या इंजिनात शक्ती लवकर पडते, म्हणून दोन्ही बाजू समान होण्याची जागाही लवकर येते. मात्र पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमधली दरी मोठी असेल, तर तिथे तुम्हालाही अंदाजापेक्षा जास्त ओढावे लागेल.

क्लचपेडल:

मग कागद बाजूला ठेवून बंद ट्रॅकवर मोजणे हाच मार्ग उरतो. डेटा लॉगरने प्रत्येक गिअरमधला प्रवेग वेगासमोर मांडावा आणि दोन रेषा जिथे छेदतात ती जागा पाहावी. छेदाजवळ त्या रेषा एकमेकींच्या इतक्या जवळून जातात की शंभर आरपीएम इकडेतिकडे झाल्याने वेळ फारशी बदलत नाही. लिमिटरवर आदळणे, चुकीच्या खाचेत गिअर जाणे, सुरुवातीला चाके जागच्या जागी फिरणे, ही नुकसाने त्याहून कितीतरी मोठी आहेत. चाके फिरतच असतील, तर पहिला गिअर लवकर सोडणेच शहाणपणाचे ठरते, मग गणित काहीही म्हणो.

शिफ्ट लाइटकडेही, म्हणजे गिअर बदलायची खूण देणाऱ्या दिव्याकडेही, लोक दुर्लक्ष करतात. दिवा दिसून हात हलेपर्यंत सुमारे ०.२ सेकंद जातात. पहिल्या गिअरमध्ये आरपीएम सेकंदाला २००० ने वाढत असेल, तर तेवढ्यात ते ४०० ने पुढे गेलेले असते. तिसऱ्यात वाढ ५०० ची असेल, तर फक्त १०० ने. म्हणजे ७००० ला गिअर बदलायचा असेल तर पहिल्यासाठी दिवा ६६०० ला आणि तिसऱ्यासाठी ६९०० ला लागायला हवा. एकच दिवा एकाच आकड्यावर लावणाऱ्याला लिमिटर भेटणारच.

चौथागिअर:

तुम्ही दोघांनीही अंतिम रेषेचा विचार केलेला नाही. ड्रॅग रेसचे नेहमीचे अंतर पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. तिसरा गिअर रेषेच्या वीस मीटर आधी संपत असेल आणि वेग ताशी १५० किलोमीटर असेल, तर गिअर बदलायला लागणाऱ्या ०.४ सेकंदांत गाडी जवळजवळ १७ मीटर बलाशिवाय जाते. चौथा पडेपर्यंत रेषा येते. अशा वेळी तो बदल करूच नये.

अश्वशक्ती:

हे अगदी खरे आहे, आणि माझ्या नियमात ते बसत नाही, कारण त्यात गिअर बदलण्याचा वेळ शून्य धरला आहे. शेवटच्या बदलापुरता हिशेब वेगळा करावा लागेल: गिअर बदलताना गमावलेला वेळ उरलेल्या अंतरात भरून निघतो का, एवढेच तिथे पाहायचे. चाळीस-पन्नास मीटर उरले असतील तर उत्तर इंजिनागणिक बदलेल, आणि ते क्लचपेडल म्हणतात तसे मोजूनच ठरवावे लागेल.